भारतीय हवाई दलाचे नेतृत्व : एक ऐतिहासिक अभ्यास

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी सैन्याची पुनर्रचना केली. त्या रचनेच्या मुळाशी ‘लढवय्या जाती’ नावाचा एक सिद्धांत होता. काही जाती जन्मतःच शूर आणि काही जन्मतःच भेकड, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. हा सिद्धांत इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी मांडला असला, तरी मनुस्मृतीच्या देशात तो कोणालाही परका वाटला नाही. याच विचाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली होती, त्यांना छावणीचे दार बंद झाले. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पिढीने हा अपमान सोसला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट कशी उभी राहिली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

आवश्यकता आहे ती दुसऱ्या एका इतिहासाकडे पाहण्याची. त्याच इंग्रज सरकारने, त्याच काळात, या देशात आणखी एक सशस्त्र दल स्थापन केले. त्या दलाचे पुढे कोणी नेतृत्व केले, हे नीट अभ्यासले तर जन्मजात शौर्याच्या सिद्धांताचा निकाल आपोआप लागतो. मात्र तो निकाल लागल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो.

बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या वसतिगृहशाळेच्या ग्रंथात सैन्याचा विषय कशासाठी, अशी शंका काहींना येईल. वैशालीचा सिंह सेनापती तथागतांचा उपासक झाला. त्याने सेनापतिपद सोडावे, असे तथागतांनी त्याला सांगितल्याचे विनयपिटकात कोठेही आलेले नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिंह सेनापतीचा प्रश्न टाळलेला नाही. एवढे नमूद करून विषयाकडे वळतो.

१९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीने हिंदी तरुणांना तोफखाना, अभियंता दल आणि हवाई दल यांतही अधिकारपदे द्यावीत, अशी शिफारस केली. तोवर विमान चालविणे हे गोऱ्यांचेच काम मानले जाई. विमानाच्या यंत्राची जाण आणि क्षणात निर्णय घेण्याची बुद्धी हिंदी माणसाजवळ नाही, असे उघडपणे बोलले जात होते. अखेर १९३० मध्ये सहा हिंदी तरुण इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील महाविद्यालयात प्रशिक्षणासाठी गेले. ते तेथे शिकत होते त्याच हिवाळ्यात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली होती. तिच्या संरक्षणविषयक उपसमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. कार्यक्षमतेला बाध न आणता सैन्यभरती सर्व वर्गांना खुली करावी, ही मागणी त्यांनी तेथे मांडली. एकाच वेळी एकाच देशात घडलेल्या या दोन गोष्टी आपल्या पाठ्यपुस्तकांत शेजारी शेजारी कधी येत नाहीत, त्या यायला हव्यात.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी इंडियन एअर फोर्स कायदा अंमलात आला. तोच आजचा हवाई दल दिन. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्याजवळ चार वापिती विमाने होती, मूठभर अधिकारी आणि थोडेसे ‘हवाई सिपाही’ होते. स्क्वाड्रनचा प्रमुख अर्थातच इंग्रज होता. क्रॅनवेलहून आलेल्या सहांपैकी पाच वैमानिक झाले. त्यांतील भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग हे दोघे १९३३ मध्येच अपघातात मृत्युमुखी पडले. अशा आरंभातून जो टिकला, त्याचे नाव सुब्रतो मुखर्जी.

मुखर्जी बंगाली होते. इंग्रजांच्या लेखी बंगाली माणूस म्हणजे ‘न लढणाऱ्या’ जमातींचा नमुनाच. कारकुनी करावी, भाषणे द्यावीत, फार तर कविता लिहाव्यात. पण १९३९ च्या मार्चमध्ये याच बंगाली अधिकाऱ्याकडे पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व आले. स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारा तो पहिला भारतीय. १९४३ मध्ये कोहाटच्या हवाई तळाचा प्रमुख होणारा पहिला भारतीयही तोच, आणि १ एप्रिल १९५४ रोजी स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा पहिला भारतीय सरसेनापतीही तोच. त्यांच्या मागून आलेले अ‍ॅस्पी इंजिनिअर पारशी होते. ‘लढवय्या’ जातींच्या यादीत पारशांनाही स्थान नव्हते. पहिले दोन्ही भारतीय प्रमुख त्या यादीबाहेरचे निघाले, याला योगायोग म्हणता येणार नाही. विमान चालविणाऱ्याची जात विमानाला कळत नाही. त्याचे प्रशिक्षण मात्र कळते.

येथेच थांबलो तर इतिहास अर्धा सांगितल्यासारखा होईल. मुखर्जींचे वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी होते. क्रॅनवेलपर्यंत पोहोचायचे तर उत्तम इंग्रजी शिक्षण हवे होते, घरची सुबत्ता हवी होती, साहेबाच्या टेबलावर जेवण्याची सवय हवी होती. अ‍ॅस्पी इंजिनिअर यांनी १९३० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, इंग्लंड ते हिंदुस्थान हा विमानप्रवास एकट्याने करून आगाखान पारितोषिक मिळविले. त्याच स्पर्धेत जे. आर. डी. टाटा उलट दिशेने निघाले होते. वाटेत इजिप्तमध्ये इंजिनिअर यांचे विमान सुट्या भागासाठी अडले, तेव्हा टाटांनी आपल्याजवळचा भाग त्यांना दिला आणि पारितोषिक इंजिनिअर यांना मिळाले. प्रसंग सुंदर आहे, दोघांचेही मोठेपण त्यात दिसते. परंतु १९३० च्या हिंदुस्थानात सतराव्या वर्षी विमान हाताशी असणारी घरे किती होती, हेही त्या प्रसंगात दिसते. जातीची अट गेली, तरी शिक्षणाची आणि पैशाची अट तिच्या जागी उभी होती.

म्हणून या आरंभकाळातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस प्रमुखपदावर कधीच न पोहोचलेला आहे. हरजिंदरसिंग हे त्यांचे नाव. लाहोरच्या मॅक्लागन अभियांत्रिकी महाविद्यालयातील हा हुशार विद्यार्थी अधिकारी म्हणून नव्हे, तर हवाई सिपाही म्हणून दलात शिरला. हवाई सिपाही म्हणजे विमानाखाली उताणे पडून तेलाने हात काळे करणारा माणूस. पहिली स्क्वाड्रन भारतीयांच्या हातून चालू शकत नाही, हे सिद्ध व्हावे अशी अनेकांची इच्छा असताना, ती चालू ठेवण्याचे काम या यांत्रिकांनी केले. वैमानिकाचे शौर्य सर्वांना दिसते, पण यांत्रिकाची चूक झाली तरच त्याची आठवण होते. हरजिंदरसिंग शिपाईपदापासून चढत एअर व्हाइस मार्शल झाले, मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. कानपूर येथे अ‍ॅव्रो विमानाची देशात बांधणी सुरू झाली, ती त्यांच्या पुढाकाराने. १९६१ च्या नोव्हेंबरात त्या विमानाने पहिले उड्डाण केले. या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आज नागपुरात आहे. दीक्षाभूमीला येणाऱ्या आपल्या बांधवांनी वायुसेनानगरची पाटी पाहिली असेल. तिच्याशी जोडलेला हा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

आता स्वातंत्र्योत्तर काळाकडे वळू. भूदलाला जानेवारी १९४९ मध्ये जनरल करिअप्पांच्या रूपाने भारतीय प्रमुख मिळाला. हवाई दलाला मात्र १९५४ पर्यंत, आणि नौदलाला १९५८ पर्यंत थांबावे लागले. कारण सरळ होते. १९३२ मध्ये जन्मलेल्या दलातील सर्वांत ज्येष्ठ भारतीय अधिकारी १९४७ मध्ये अवघा छत्तीस वर्षांचा होता. या मधल्या काळात एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज असे तीन इंग्रज प्रमुख झाले. त्यांपैकी एल्महर्स्ट यांची नोंद घ्यायला हवी. हवाई दल भूदलाच्या हाताखाली न ठेवता स्वतंत्र ठेवावे, या अटीवर त्यांनी पद स्वीकारले. ती अट मान्य झाली नसती, तर आपण ज्या नेतृत्वाचा इतिहास लिहीत आहोत, ते नेतृत्व एखाद्या जनरलच्या कचेरीतील एक विभाग होऊन राहिले असते.

याच काळात घडलेली एक गोष्ट हवाई दलापेक्षाही मोठी आहे. २६ जानेवारी १९५० रोजी दलाच्या नावातील ‘रॉयल’ हा शब्द गळून पडला. त्याच दिवशी अंमलात आलेल्या संविधानाच्या त्रेपन्नाव्या अनुच्छेदाने संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल असे ठरविले. १९५५ मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांचे ‘कमांडर-इन-चीफ’ हे बिरुद कायद्याने काढून घेण्यात आले आणि ते ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाले. शब्द बदलला, असे वरवर वाटते. परंतु शेजारच्या पाकिस्तानकडे पाहावे. तेथील हवाई दलाचे प्रमुख असगर खान आणि नूर खान हे याच जुन्या दलातून गेलेले, आपल्या अधिकाऱ्यांबरोबर एकाच भोजनगृहात वाढलेले होते. प्रशिक्षण सारखेच, शिस्त सारखीच, तरी तेथे सेनानी पुनःपुन्हा सत्तेवर बसले. आपल्याकडे एकाही प्रमुखाने तसे केले नाही. याचे श्रेय व्यक्तींच्या सज्जनपणाला आहेच. पण ज्या समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, तिने घडविलेल्या चौकटीलाही ते आहे.

या चौकटीचे बंधन कधी कधी जड जाते, हे १९६२ ने दाखविले. चीनशी युद्ध झाले तेव्हा अ‍ॅस्पी इंजिनिअर प्रमुख होते. हवाई दलाने सैनिक, शिधा, दारूगोळा वाहून नेला, जखमींना आणले. मात्र लढाऊ विमानांचा वापर झाला नाही. चीनने प्रत्युत्तर दिले तर आपल्या शहरांवर बाँब पडतील, ही भीती दिल्लीत बळावली होती. तिबेटमधील चीनच्या विमानतळांची उंची आणि इंधनाची टंचाई पाहता ती भीती अवास्तव होती, असे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले. १९ नोव्हेंबर रोजी पंतप्रधान नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे लढाऊ विमानांच्या तुकड्या मागितल्या. म्हणजे स्वतःचे हवाई दल जमिनीवर आणि मागणी परक्या हवाई दलाची. निर्णय सरकारचा होता. परंतु सरकारला चुकीचा सल्ला इतरांकडून मिळत असेल, तर आपला सल्ला त्याच्या कानी पोहोचविणे हे प्रमुखाचे कर्तव्य असते. त्या कसोटीवर १९६२ चे नेतृत्व उणे पडले, असे माझे मत आहे.

तीन वर्षांनी दृश्य पालटले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई दलप्रमुख अर्जनसिंग यांना, विमाने किती वेळात पाठवाल, असे विचारले. एका तासात, असे उत्तर आले. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. हा प्रसंग आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगावाच. त्याचा उत्तरार्ध मात्र सहसा गाळला जातो. घाईत पाठविलेली व्हॅम्पायर विमाने जुनाट होती. त्यांतील चार त्या संध्याकाळी पडली. पुढच्या आठवड्यात पठाणकोट आणि कलाईकुंडा येथे जमिनीवर उभी असलेली विमाने शत्रूने नष्ट केली. आरंभीच्या या हानीने खचून न जाता अर्जनसिंगांनी दल सावरले, यात त्यांचे खरे नेतृत्व आहे. १९६६ मध्ये प्रमुखपदाचा हुद्दा एअर चीफ मार्शल असा वाढविण्यात आला आणि २००२ मध्ये ते ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ झाले. हा मान आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी आपली शेती विकून आलेले सुमारे दोन कोटी रुपये निवृत्त हवाई सैनिकांच्या साहाय्यासाठी दिले.

प्रताप चंद्र लाल १९६५ मध्ये उपप्रमुख होते. त्या युद्धात भूदल आणि हवाई दल यांचा मेळ बसला नव्हता, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९६९ मध्ये प्रमुख झाल्यावर त्यांनी ही त्रुटी दूर करण्यावर भर दिला. विमानांसाठी संरक्षित निवारे उभे राहिले, भूदलाच्या मुख्यालयांशी हवाई दलाची पथके जोडली गेली. १९७१ च्या डिसेंबरात याचे फळ दिसले. पूर्वेकडील आकाश थोड्याच दिवसांत मोकळे झाले. १४ डिसेंबरला ढाक्यातील गव्हर्नरच्या निवासस्थानावर मिग विमानांनी हल्ला केला आणि १६ तारखेला शरणागती झाली. लाल यांची छायाचित्रे घरोघरी लागली नाहीत. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यांचा क्रमांक फार वरचा वाटतो. पराभवातून पुष्कळ लोक शिकतात. निर्णय न लागलेल्या लढाईतून प्रामाणिकपणे शिकणारे थोडे.

पुढील प्रमुखांची यादी येथे देत नाही. २०२४ अखेरपर्यंत पंचवीस भारतीय अधिकारी या पदावर आले. प्रमुखाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची बासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. सर्व जण उड्डाण शाखेतील, हीही एक परंपराच झाली आहे. त्यांत हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ आहेत. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात गेलेल्या सहकाऱ्यांचा आग्रह बाजूला सारून ते भारतातच राहिले, १९७८ मध्ये प्रमुख झाले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून आपल्याला परिचित झाले. ला फोंतेन आणि ब्राउन हे ख्रिस्ती, फली मेजर हे पारशी. मेजर हे हेलिकॉप्टर वैमानिकांमधून प्रमुख झालेले पहिले. हृषीकेश मुळगावकर, पदावर असतानाच १९८५ मध्ये निधन पावलेले लक्ष्मण माधव कात्रे, अनिल यशवंत टिपणीस, प्रदीप वसंत नाईक आणि नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे विवेक राम चौधरी ही नावे मराठी कानाला जवळची वाटतील.

यांपैकी टिपणीस यांच्या वाट्याला १९९९ चे कारगिल आले. भूदलाला शस्त्रसज्ज हेलिकॉप्टरे तातडीने हवी होती. एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टरे सहज लक्ष्य होतील आणि हवाई दल उतरले की संघर्षाचे स्वरूपच बदलेल, म्हणून सरकारचा स्पष्ट निर्णय आधी हवा, ही टिपणीस यांची भूमिका होती. तिच्यावर तेव्हा आणि नंतरही टीका झाली. २५ मे रोजी मंत्रिमंडळ समितीने परवानगी दिली, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. दुसऱ्या दिवशी कारवाई सुरू झाली आणि पुढच्या दोन दिवसांत दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर गमवावे लागले. त्यानंतर पद्धत बदलली, मिराज विमाने लेझरच्या साहाय्याने अचूक मारा करू लागली. रेषा मात्र शेवटपर्यंत ओलांडली गेली नाही. १९६२ मध्ये न झालेला संवाद येथे झाला, मतभेदांसह झाला, आणि निर्णय झाल्यावर तो पाळला गेला.

स्त्रियांचा प्रवेश उशिरा झाला. १९९० च्या दशकात त्या वाहतूक विमाने व हेलिकॉप्टरे चालवू लागल्या. अरूप राहा प्रमुख असताना, १८ जून २०१६ रोजी, अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ शाखेत दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुली शिकू लागल्या आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. जन्मजात भेकडपणाचा शिक्का जातींप्रमाणे स्त्रियांवरही होता, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

आता आरंभी म्हटलेला शिल्लक प्रश्न. हवाई दलाच्या अधिकारपदांना जातीची अट नाही, तसेच आरक्षणही नाही. तेथे केवळ परीक्षा, मुलाखत मंडळ आणि वैद्यकीय चाचणी आहे. म्हणजे खरी निवड त्या दारापाशी होत नाही, ती फार आधी शाळेत होते. १९६१ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना साताऱ्यात देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. वसतिगृहात राहून शिकण्याची ती शाळा. तिच्यातून शिकलेले प्रदीप वसंत नाईक २००९ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. ज्या सातारा शहरात भीमरावांना १९०० साली वर्गात वेगळे बसावे लागले, त्याच शहरातील ही गोष्ट. सैनिकी शाळांच्या प्रवेशात अनुसूचित जातींसाठी पंधरा टक्के आणि जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव आहेत. आपल्या वस्त्यांतील किती पालकांना हे ठाऊक असते, हे प्रत्येकाने आपल्या वस्तीत विचारून पाहावे. सहावी व नववीच्या प्रवेशपरीक्षेची जाहिरात येते आणि जाते, आणि आपल्याकडे तिची चर्चा मुलगा बारावीला गेल्यावर होते.

सैनिकी शाळा हुकली तरी वाट संपत नाही. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून अकरावी-बारावीच्या मुलांची प्रबोधिनीसाठी तयारी करून घेते. मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. त्यांचा प्रवेश दहावीच्या वर्षातच ठरतो. प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि हवाई दलाच्या शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तिन्ही विषय असावे लागतात. गणित अवघड जाते म्हणून अकरावीला ते सोडून द्यायचे की नाही, हा निर्णय दरवर्षी जूनमध्ये आपल्या घराघरांत, बहुधा एका संध्याकाळीच, घेतला जातो.